मामाचा तलाव

लहानपणी दर उन्हाळ्यात आम्ही नागपूरहून आईच्या माहेरी जायचो. भंडारा, लाखनी, साकोली अशी गावं मागे टाकत एसटी नवेगावबांधकडे वळली, की खिडकीतून तलाव दिसायला लागायचे. आईचं माहेर अर्जुनी-मोरगाव तालुक्यात. गावाच्या वरच्या अंगाला मोठा तलाव, आणि त्याला सगळे ‘मामा तलाव’ म्हणायचे. मला त्यात काही नवल वाटत नसे. घर मामाचं, बैल मामाचे, आंबे मामाचे, मग तलावही मामाचाच असणार. शेजारच्या गावातही ‘मामा तलाव’ आहे असं कळलं तेव्हा मात्र मी मामाला विचारलं, “तुझे एकूण तलाव किती?” तो खूप हसला. मग म्हणाला, “मा.मा. म्हणजे माजी मालगुजारी. सरकारी कागदावरचं नाव आहे ते.”

हे उत्तर मी वीसेक वर्षं डोक्यात तसंच ठेवून दिलं होतं. ‘माजी’ म्हणजे काय, कधीपासून माजी, आणि माजी मालकानंतर आजी मालक कोण, हे प्रश्न मला पडले ते २०२३ नंतर.

त्या वर्षी २३ सप्टेंबरच्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली. मी राहतो त्या इमारतीच्या तळमजल्यावर छातीइतकं पाणी होतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंना आम्ही खुर्चीवर बसवून जिन्याने वर आणलं. दुपारी पाणी ओसरल्यावर सगळ्या वस्तीच्या भिंतींवर एकाच उंचीची चिखलाची रेघ होती. तोपर्यंत अंबाझरी म्हणजे माझ्यासाठी संध्याकाळी फिरायला जायची जागा होती. तो १८७० च्या सुमारास शहराच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव आहे, त्याला पाळ आहे, त्या पाळीला वय आहे आणि तिची कोणीतरी काळजी घ्यावी लागते, हे त्या दिवशी पायाखाली कळलं.

नागपूर तसं तलावांचं गाव. गोंड राजा चांद सुलतानाच्या काळातला जुम्मा तलाव म्हणजे आजचा गांधीसागर. भोसल्यांच्या काळातला तेलंगखेडी म्हणजे फुटाळा. शिवाय सक्करदरा, सोनेगाव, नाईक तलाव, लेंडी तलाव. अंबाझरीजवळच्या एका वस्तीचं नावच पांढराबोडी. बोडी म्हणजे छोटं तळं. शहरात बोडी नावापुरती उरते. पूर्वेकडे, वैनगंगेच्या खोऱ्यात, ती अजून पाण्यासकट आहे.

पुरानंतर आम्ही काही मित्र शनिवार-रविवारी तलावांची माहिती गोळा करायला लागलो. आम्ही सगळे सॉफ्टवेअरवाले. आम्हाला येतं तेच आम्ही केलं. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहाची छायाचित्रं फुकट मिळतात, त्यात दहा मीटरपर्यंतचा तपशील दिसतो. पाणी कुठे आहे हे संगणकाकडून ओळखून घ्यायचं आणि नकाशावर मांडायचं. नागपूरचे तलाव संपल्यावर मी म्हटलं, आईच्या गावाकडचे करू. पूर्व विदर्भात, म्हणजे नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पाच जिल्ह्यांत मिळून मामा तलावांची संख्या साडेसहा हजारांच्या वर आहे. आम्ही एका तालुक्यापासून सुरुवात केली.

पहिलाच नकाशा पार चुकला. ऑगस्टच्या चित्रात रोवणी झालेली धानाची बांदी, म्हणजे बांध घातलेली पाण्यानं भरलेली खाचरं, तलाव म्हणून आली. उलट जे तलाव बेशरमाच्या झुडपांनी भरले होते, ते संगणकाला जमीन वाटले. म्हणजे जिथे तलाव नव्हता तिथे आम्हाला तलाव दिसला, आणि जिथे होता तिथे दिसला नाही. प्रत्यक्ष जाऊन पाहण्याशिवाय इलाज नव्हता. जाताना आम्ही एक तक्ता बनवून नेला: तलावाचं नाव, गाव, गट नंबर, सिंचन क्षमता, मालकी, अतिक्रमण. त्या तक्त्यातल्या शेवटच्या दोन रकान्यांनी मला इतिहास वाचायला लावला.

पाणी जाईल तिथवर जमीन

पूर्व विदर्भात पाऊस भरपूर, साधारण बाराशे-तेराशे मिलिमीटर. मग तलाव कशाला? कारण तो पाऊस मोजक्या दिवसांत पडून उतारानं निघून जातो, खाली कठीण खडक असल्यानं जमिनीत मुरतही नाही. आणि धानाला पाणी हवं असतं ते नेमकं शेवटी, लोंबी भरताना. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पावसानं पंधरा-वीस दिवस दडी मारली की चार महिन्यांची मेहनत पोचट होते. त्या पंधरा-वीस दिवसांसाठी हे तलाव आहेत. वर जंगलाचा उतार, मधे पाळ, खाली धानाची बांदी, अशी ती सगळी रचना.

चांद्याच्या गोंड राजांनी या रचनेसाठी एक साधा नियम केला होता. जंगल तोडून जो तलाव बांधेल, त्याला त्या तलावाचं पाणी जिथवर पोचेल तिथवरची जमीन. अशा देणगीला ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपूर शहरात आजही तुकूम नावाचा भाग आहे. या नियमाची गंमत अशी, की तलाव जितका चांगला तितकी जमीन जास्त. निकृष्ट पाळ बांधणाऱ्याचं नुकसान त्याचं स्वतःचंच.

हे काम ज्यांनी सर्वांत जास्त केलं ते कोहळी. चांद्याच्या एका गोंड राजानं काशीच्या यात्रेहून येताना त्यांना बरोबर आणलं अशी आख्यायिका आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या ग्रंथात कोहळींचं वर्णन तलाव बांधणारे आणि ऊस लावणारे शेतकरी असं आहे. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं परंपरा सांगते. माझी आई कोहळ्याची. त्यामुळे हा सगळा भाग वाचताना माझी छाती थोडी फुगली होती, हे कबूल करतो.

१८५४ मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी. पुढच्या काही वर्षांत झालेल्या जमाबंदीत सरकारनं एक मोठा बदल केला. गावाचा सारा गोळा करणाऱ्या पाटलांना आणि मक्तेदारांना गावाचे मालक ठरवलं. हेच मालगुजार. जंगल, पडीक, तलाव सगळं त्यांच्या नावावर आलं. मालकी रुपया-आण्यांत वाटली जाई. सोळा आणे म्हणजे पूर्ण गाव. माझ्या आईच्या आजोबांकडे चार आणे हिस्सा होता.

मात्र या मालकीला कुंपण होतं. जमाबंदीच्या वेळी प्रत्येक गावाच्या रूढी ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तात लिहून घेतल्या जात. तलावाचं पाणी कोणाला, गुरांना कुठे, सरपण कुठून, हे त्यात असे. म्हणजे तलाव मालगुजाराचा, पण पाण्यावरचा हक्क गावाचा. पाणी वाटायला पाणकर असे, त्याला वर्षाला धान्य मिळे. उन्हाळ्यात पाणी आटलं की गाळ काढून शेतात टाकत. पावसाआधी पाळीवरची बिळं बुजवत. कागदावर हे सगळं छान दिसतं.

‘खाट टाकून पाहिलं’

मी हे वाचून, भारावून, गावाला गेलो. तलावावर ढिवर समाजाच्या बायका जाळी वाळवत होत्या. ऐंशीच्या घरातली एक आजी माझ्याशी बोलायला तयार झाली. मी कोणाचा नातू आहे हे तिला आधीच कळलेलं होतं. मी सहज म्हटलं, “हा तलाव आमच्या पूर्वजांनी सांभाळला म्हणे.”

ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, “पाळ फुटली होती तवा माती आमच्या मानसांनी वाहली. माया सासरा सांगे. तुया आज्यानं काठावर खाट टाकून पाहिलं.”

मग तिनं आणखी सांगितलं. त्या मातीकामाला मजुरी नव्हती. मालगुजाराचं काम म्हणजे न सांगता जायचं. मासे धरायला परवानगी होती, पण पहिला वाटा वाड्यावर पोचवायचा. पाणी सोडायचं ते धानाच्या हिशेबानं. माशांचं काय होईल हे कोणी विचारायचं नाही.

मी तक्त्यात काही लिहिलं नाही. ‘लोकसहभाग’ हा शब्द आपण किती सहज वापरतो, ते मनात आलं. त्या काळी लोकसहभाग शंभर टक्के होता. फक्त त्याला वेठ म्हणत. तलावाची काळजी घेणारी ती जुनी व्यवस्था टिकाऊ होती यात शंका नाही. पण ती न्यायाची होती असं म्हणणं म्हणजे आजीच्या सासऱ्याच्या डोक्यावरची पाटी न पाहणं. तेव्हा पुढे जे झालं, ते होणं भागच होतं.

३१ मार्च १९५१

स्वातंत्र्यानंतर रविशंकर शुक्लांचं सरकार नागपुरात होतं. आज जिथे विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं, तिथेच तेव्हाच्या मध्य प्रदेशाची विधानसभा भरत असे. मालगुजारी नष्ट करणारा कायदा १९५० मध्ये झाला आणि ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारांचे हक्क सरकारजमा झाले. कसणारा स्वतःच्या जमिनीचा मालक झाला. या कायद्याला विरोध करावा असं मला कुठेही वाटत नाही. माझ्या पणजोबांचे चार आणे गेले ते योग्यच झालं.

पण तलाव हा जमिनीसारखा वाटून देता येत नाही. तो सरकारकडे गेला. आणि सरकार तरी कोणतं? १९५१ ला मध्य प्रदेश. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात. १ मे १९६० ला महाराष्ट्र. नऊ वर्षांत तीन राज्यं झाली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. छोटे तलाव त्यांच्याकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. आमच्या धंद्यात एखादी जुनी प्रणाली एका टीमकडून दुसरीकडे जाते तेव्हा ‘नॉलेज ट्रान्सफर’ नावाचा सोहळा असतो. तो कितीही कंटाळवाणा असला तरी टाळला तर काय होतं, ते आम्ही सगळ्यांनी एकदातरी रात्री दोन वाजता भोगलेलं आहे. इथे तो झालाच नाही. तलावांच्या याद्या नव्या कार्यालयात गेल्या. पाणकर गेला नाही, बिळं कुठे पडतात हे ठाऊक असलेला म्हातारा गेला नाही.

त्यात पाणीपट्टीचा वाद आला. शेतकऱ्यांचं म्हणणं, वाजिब-उल-अर्जात आमचा हक्क लिहिलेला आहे, पिढ्यानपिढ्या पाणी घेतलं, आता पट्टी कसली? सरकारचं म्हणणं, पट्टी नाही तर दुरुस्ती कशातून करायची? दोघांचंही खरं होतं. परिणाम असा झाला, की पट्टीही नाही आणि दुरुस्तीही नाही. वेठ गेली हे चांगलंच. पण वेठीच्या जागी मजुरी देऊन ते काम दरवर्षी करणारं कोणी उभं राहिलं नाही.

‘दरवर्षी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एक साधा हिशेब करून पाहू. समजा दहा हेक्टरचा तलाव आहे आणि दरवर्षी त्यात एक सेंटिमीटर गाळ साचतो. म्हणजे वर्षाला हजार घनमीटर. बैलबंडीत अर्धा घनमीटर माती धरली, तर दोन हजार खेपा. पन्नास शेतकरी असतील तर प्रत्येकी चाळीस. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत हे सहज होतं, आणि ती माती शेताला खत म्हणून हवीच असते. आता हेच सत्तर वर्षं केलं नाही असं धरा. सत्तर हजार घनमीटर गाळ, म्हणजे सात कोटी लिटर पाण्याची जागा गेली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तीन घनमीटर धरले तरी तेवीस हजारांवर खेपा. आता हे गावाच्या आवाक्यातलं काम राहिलं नाही. आता त्याला योजना लागते, निविदा लागते, कंत्राटदार लागतो. गाव आळशी झालं म्हणून काम मोठं झालं असं नाही. काम साचत गेलं आणि गावाच्या हातून निसटलं.

सरकारची नजरही दुसरीकडे होती. १९७० मध्ये आमच्याच तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोह धरण पूर्ण झालं. १९८८ मध्ये गोसीखुर्दचं भूमिपूजन झालं. मोठ्या धरणाच्या कालव्यापुढे गावचा तलाव म्हणजे आजोबांची सायकल.

मासे आणि गवत

तलावावर अवलंबून असलेले सगळे शेतकरीच होते असं नाही. मालगुजारी गेल्यावर मासेमारीसाठी ढिवरांच्या सहकारी संस्था झाल्या, तलाव त्यांना ठेक्यानं मिळू लागले. हा मोठा बदल होता. ज्यांचा वाटा वाड्यावर जात होता, त्यांची आता संस्था होती, सभासद होते, ठराव होते. पण बरोबर ‘विकास’ही आला. रोहू, कटला, मृगळ यांचं बीज सोडा, उत्पन्न वाढेल. पुढे ग्रास कार्पसारखे गवतखाऊ विदेशी मासे आले. पाण्यातलं गवत संपलं, काठ बेशरमानं वेढले, आणि गवतात अंडी घालणारे मरळीसारखे गावठी मासे कमी झाले.

या ठिकाणी मला ज्या कामानं सर्वांत जास्त शिकवलं, ते भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचं. मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं या भागातल्या तलावांवर काम करत आहेत. पक्षी आणि पाणवनस्पती यांच्या अभ्यासातून सुरू झालेलं हे काम ढिवर समाजापर्यंत पोचलं, कारण कोणती वनस्पती कुठे उगवते, कोणता मासा कोणत्या गवतात राहतो, हे ज्ञान त्यांच्याकडे होतं. मग रीत ठरत गेली. आधी बेशरम उपटायचं. उन्हाळ्यात तलावाच्या तळाचा तुकडा नांगरायचा. दुसऱ्या चांगल्या तलावांतून देवधान, हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया अशा वनस्पती आणून लावायच्या. गवतखाऊ मासे सोडायचे नाहीत, गावठी माशांना वाढू द्यायचं. या कामात ढिवर बायका पुढे आल्या. ज्या ग्रामसभेत तोवर त्या मागे बसत, तिथे उभ्या राहून बोलू लागल्या.

यात कंत्राटदार कुठे नाही, हे लक्षात घ्या. तेवीस हजार खेपांचा प्रश्न या बायकांनी सोडवलेला नाही. तो त्यांचा प्रश्नही नव्हता. त्यांनी तलावाला ‘पाणी साठवायचं भांडं’ समजणं सोडून दिलं, आणि मग जे करता येण्यासारखं होतं ते करायला घेतलं. जवळच गोंदियात असंच एक काम सारस पक्ष्यांसाठी चालतं. महाराष्ट्रात सारस टिकून आहे तो मुख्यतः तिथल्या तलावांच्या आणि धानशेतांच्या आधारानं. ‘सेवा’ ही संस्था शेतकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखते, वनखात्यासोबत गणना करते. ज्याच्या बांदीत घरटं, तोच राखणदार.

दूर गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावानं तर जंगलाच्या बाबतीत हा प्रवास पूर्णच केला. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा प्रसिद्ध आहे. मोहन हिराबाई हिरालाल यांची वृक्षमित्र संस्था त्यांच्यासोबत होती, पण निर्णय सर्वसहमतीनं गावाचे, आणि त्याआधी अभ्यासगटात चर्चा. ऑगस्ट २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली त्यांना अठराशे हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. त्याच वर्षी, दोनच महिन्यांनी, एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. सामायिक साधनं एकतर सरकारच्या ताब्यात द्या नाहीतर खाजगी करा, अन्यथा लोक ती ओरबाडतील, असं १९६८ मधल्या गॅरेट हार्डिन यांच्या निबंधापासून मानलं जाई. ऑस्ट्रॉमबाईंनी जगभरची उदाहरणं तपासून दाखवलं, की लोक स्वतः नियम करून ती पिढ्यानपिढ्या सांभाळू शकतात, मात्र ते नियम करायचा अधिकार त्यांचा असावा लागतो.

१९९२ च्या रिओ परिषदेनं ‘अजेंडा २१’ मध्ये स्वयंसेवी संस्थांसाठी एक स्वतंत्र प्रकरण दिलं, सत्ताविसावं. तेव्हापासून प्रत्येक योजनेत ‘लोकांना सहभागी करून घ्या’ हे वाक्य असतं. त्या वाक्यात एक गृहीतक लपलेलं आहे, की लोक बाहेर उभे आहेत आणि त्यांना आत बोलवायचं आहे. मामा तलावांचा इतिहास वेगळं सांगतो. लोक आतच होते, आधी वेठीनं, मग कायद्यानं बाहेर झाले. आता त्यांना बोलवायचं तर पाटी उचलायला नव्हे, ठरवायला बोलवावं लागेल. आणि बोलवताना फक्त खातेदार शेतकऱ्याला नाही, जाळं वाळवणाऱ्या बाईलाही.

अतिक्रमणाचा रकाना

आता माझ्या तक्त्याकडे येतो. ‘मालकी’च्या रकान्यात दोनच उत्तरं येत होती, जि.प. किंवा पाटबंधारे. म्हणून मी शेजारी एक रकाना वाढवला, ‘कोण बघतं?’ तो बहुतेक ठिकाणी रिकामा राहिला. काही गावांत तिथे मच्छीमार संस्थेचं नाव आलं.

शेवटचा रकाना अतिक्रमण. जुना नकाशा आणि उपग्रहाचं चित्र एकमेकांवर ठेवलं की ते लगेच दिसतं. मामाच्या गावच्या तलावात, वरच्या बाजूला, एक सरळ कडांचा हिरवा चौकोन होता. तलावाच्या पोटात सरळ कडा नसतात. मी ओळखलं. ती मामाची जमीन. पाणी उतरलं की गाळपेर करायची, ही जुनी रीत होती. आजोबांच्या काळात गाळ वाढला, पाणी तिथवर येईना, गाळपेरीला बांध आला आणि ती बांदी झाली.

मी ती माहिती भरायची की नाही, यात चार दिवस घालवले. मित्रांना सांगितलं नाही. एका रात्री त्या तलावाची ओळच तक्त्यातून काढून टाकली, सकाळी परत घातली. शेवटी आधी मामाला फोन केला.

“मग? नाव लिहिणार आहेस माझं?”

“नाव नाही. फक्त ‘आहे’ असं लिहायचं आहे.”

“एकट्याची आहे का माझी? सगळ्यांच्याच आहेत.”

“सगळ्यांच्याच लिहितोय.”

मामानं फोन ठेवला. मी ‘आहे’ लिहिलं. दोन महिने आईच्या फोनवर त्यानं माझी चौकशी केली नाही. आई मला काही बोलली नाही, पण दिवाळीला घरून धानाचे पोहे आले नाहीत, हे तिनं दोनदा सांगितलं.

जानेवारीत आम्ही गावाला नकाशा छापून दिला. आधी मोबाइलवर दाखवायचा विचार होता, पण संस्थेच्या सचिवांनी सांगितलं, कागदावर द्या, भिंतीला लावतो. बैठकीला पंधरा-वीस माणसं होती, त्यांत सात-आठ बायका. मामा आला, मागे दाराशी बसला. त्या आजीनं नकाशाजवळ जाऊन बोट ठेवलं आणि विचारलं, “हे का लिहिलं?” मी वाचून दाखवलं, “मामा तलाव क्रमांक दोन.” ती म्हणाली, “याचं नाव पैलेपासून ढिवरबोडी आहे.” खोलीतल्या बायकांनी माना हलवल्या. कोणत्याही सरकारी यादीत ते नाव नव्हतं. मी खिशातलं पेन काढून क्रमांक खोडला आणि नाव लिहिलं.

मग चर्चा पाळीवरच्या बिळांवर गेली, तिथून बेशरमावर, तिथून या उन्हाळ्यात पाणी किती ठेवायचं यावर. शेतकरी म्हणाले, सगळं सोडलं तरी चालेल. बायका म्हणाल्या, नाही, मासे मरतात. बराच वेळ आवाज चढले. शेवटी दाराजवळून मामा म्हणाला, “वरच्या अंगाला पाणी बाभळीपर्यंत येऊ द्या. माझा खालचा तुकडा बुडेल, बुडू द्या. एक वर्ष पाहू.”

एक वर्ष, आणि फक्त खालचा तुकडा. वरचा त्यानं सोडलेला नाही आणि सोडेल असं मला वाटतही नाही. निघताना त्यानं गाडीत पोह्यांची पिशवी ठेवली.

घरी आल्यावर मी तक्ता उघडला. ‘कोण बघतं?’ या रकान्यात त्या तलावापुढे काय लिहावं ते बराच वेळ ठरेना. मग बैठकीला आलेल्यांची यादी समोर घेतली आणि लिहिलं, ‘संस्था, काही शेतकरी. बैठक पुन्हा उन्हाळ्यात.’ रकाना लहान होता, त्यात ते मावलं नाही. मी तो थोडा रुंद केला.